झाकण उघडलं की पाव तास

रविवार, ३ मार्च
सकाळी भाऊजींचा फोन आला. दहा मिनिटांत सगळं ठरलं. सासूबाई, म्हणजे आई, चोवीस तारखेपासून त्यांच्याकडे राहायला जाणार. मी सकाळी आठला बाहेर पडते, सहाला परत येते. मधले दहा तास आई एकट्या असतात. जानेवारीत न्हाणीघरात पाय घसरला तेव्हा दोन तास फरशीवर बसून होत्या. भाऊजींचं घर मोठं आहे, जाऊबाई दिवसभर घरी असतात. यात खोट काढायला जागा नाही. मी काढलीही नाही. हे गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच आहोत, ते कोणी ठरवलं म्हणून नव्हे, कोणी वेगळं काही ठरवलं नाही म्हणून.
संध्याकाळी आईंना सांगितलं. वाद होणार हे धरून मी मुद्दे मनात लावून गेले होते. त्या बटाटे सोलत होत्या. हात न थांबवता “बरं” म्हणाल्या. मुद्दे वापरावे लागले नाहीत.

बुधवार, ६ मार्च
आईंची ट्रंक काढण्यासाठी जिन्याखालचं कपाट रिकामं केलं. ट्रंकेच्या मागे यांची कोळशाची शेगडी निघाली. तीन पायांची, घुमटासारख्या झाकणाची, मोठ्या पातेल्याएवढी. खाली हवेसाठी एक झडप, झाकणावर एक. यांनी ती शेवटच्या उन्हाळ्यात हौसेने आणली, तीनदा पेटवली आणि तिन्ही वेळा सॉसेज जाळले. चौथ्यांदा पेटवायचं राहिलं.
आई जाणार त्या दिवशी जेवण चांगलं असावं असं मनात होतंच. भाऊजी त्या दिवशी दुपारी येतील, जेवतील आणि पाचला आईंना घेऊन निघतील. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते अंधारात गाडी चालवत नाहीत, म्हणून पाच म्हणजे पाच. मी ठरवलं की या शेगडीवर डुकराच्या खांद्याचा तुकडा मंद धुरावर भाजायचा. आईंना सांगितलं तेव्हा त्यांनी शेगडीकडे पाहिलं आणि “छान होईल” म्हणाल्या.
हे लिहून ठेवते, कारण ते त्यांच्या स्वभावाला धरून नाही. अठ्ठावीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चारशे माणसांचं जेवण केलं आहे. मी घरात आल्यापासून माझ्या हातचं काही त्यांना पसंत पडलेलं मला आठवत नाही. माझ्या अंड्यालाही त्या नाक मुरडतात, आणि मी ते घड्याळ लावून उकडते.

शनिवार, ९ मार्च
खाटकाकडे गेले. गडी बोलका आहे. “मंद आच, बंद झाकण आणि गप्प बसायची तयारी. तिसरी कोणाकडेच नसते,” म्हणाला. कोळसा एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, मध्ये पाण्याची थाळी. शेगडीच्या आत एकशे पंधरा अंश ठेवायचे. मांसाच्या आत ब्याण्णव झाले की उतरवायचं.
“आणि सत्तरच्या आसपास ते अडून बसेल. दोन दोन तास हलणार नाही. मांसाला घाम सुटतो, त्याने ते स्वतःलाच गार ठेवतं. तेव्हा घाबरून झाकण उघडायचं नाही. झाकण उघडलं की पाव तास गेला म्हणून समजा.”
मी म्हटलं, तापमानाची काळजी नको. मी जिथे काम करते त्या प्रयोगशाळेत कारखान्यांचे तापमापक तपासायला येतात. एक दशांश अंशाची चूक मी पकडते. माझ्या सहीशिवाय इथल्या साबणाच्या कारखान्याला साबण ओतता येत नाही.
“मग तुम्हालाच सगळ्यात अवघड जाणार बघा,” खाटीक म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं ते कळलं नाही.

रविवार, १० मार्च
पहिला प्रयोग. वजन एक किलो. मीठ सोळा ग्रॅम, मिरी, साखर, लसूण. दोन्ही झडपा पूर्ण उघड्या ठेवल्या, ही चूक. शेगडी दोनशे चाळीसवर गेली. पाणी आटलं, चरबी निखाऱ्यावर गळून भडका उडाला. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी खिडकीतून विचारलं, “काय जळतंय?” मी म्हटलं, जेवण. बाहेरून कोळसा, आतून कच्चं, अशा स्थितीत दीड तासाने उतरवलं.
मधला खाण्याजोगा भाग कापून आईंना दिला. त्यांनी शांतपणे चावला, बराच वेळ. “छान झालंय,” म्हणाल्या.
ते छान झालेलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. त्यांनाही असणार.

गुरुवार, १४ मार्च
घरात शांतता आहे. आई आजकाल कशालाच नावं ठेवत नाहीत. सूप छान, चहा छान, मी पडदे उलटे लावले तेही छान. आधी पुसल्याशिवाय चमचा वापरत नसत, आता मी देईन तो घेतात. रात्री “तुझी झोपायची वेळ झाली असेल” असं म्हणून आपणच रेडिओ बंद करतात. सात वर्षं मी याच गोष्टीसाठी मनातल्या मनात भांडत होते.
सोयीचं आहे. पण जेवताना काय बोलावं ते सुचत नाही.

रविवार, १७ मार्च
दुसरा प्रयोग. एक किलो दोनशे ग्रॅम. खालची झडप एक तृतीयांश, वरची अर्धी. सफरचंदाच्या लाकडाच्या ढलप्या भिजवून निखाऱ्यावर टाकल्या. शेगडी एकशे बारा ते एकशे अठराच्या मध्ये राहिली. मागच्या दाराबाहेरच्या फरशीवर दोन खुर्च्या टाकून आम्ही बसलो. मी दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहीत होते, आई मोजे रफू करत होत्या.
तीन तासांनी एकोणसत्तरवर काटा अडला. सव्वा तास हलला नाही. मी दोनदा उठले, दोनदा बसले.
“काय झालं?” आईंनी विचारलं.
“अडलंय.”
“अडू दे की. तुला कुठे गाडी पकडायचीय?”
मग त्या कॅन्टीनचं सांगू लागल्या. त्यांच्याकडे तापमापक नव्हता, सगळं अंगठ्यावर. मांसात अंगठा दाबायचा, दाबला गेला आणि परत वर आला नाही की झालं. एकदा मालकाकडे पाहुणे आले, मालक दर पाच मिनिटांनी विचारायला यायचा. शेवटी आईंनी त्यालाच अंगठा दाबायला लावला. भाजला बिचाऱ्याचा. आई हसल्या. मीही हसले. आठवडाभरात पहिल्यांदाच.
सहा तास दहा मिनिटांनी ब्याण्णव. हाड ओढलं तर हातात आलं. फारच चांगलं झालं होतं. आई म्हणाल्या, “छान झालंय.” मागच्या रविवारी म्हणाल्या होत्या अगदी त्याच सुरात, त्यामुळे त्यावरून काही निष्कर्ष काढता येत नाही.

मंगळवार, १९ मार्च
आईंच्या खोलीचं माप घेतलं. अडीच मीटर बाय तीन. तिथे कामाचं टेबल बसेल. दुकानात जाऊन एक पाहिलंही. घेतलं नाही. पाय डुगडुगत होते. दुकानदार म्हणाला, फरशी उंचसखल आहे, टेबल नाही. तसंही असेल.

शनिवार, २३ मार्च
खांद्याचा तुकडा आणला, दोन किलो सहाशे. खाटीक म्हणाला, “दुप्पट वजनाला दुप्पट वेळ नाही, पण दीडपट तर धराच. साडेनऊ तास. किती वाजता जेवायचंय?” मी म्हटलं, तीन, फार तर साडेतीन. “मग सहाच्या आत चढवा. उजाडायच्या आधी कोळसा पेटवा.”
पाचचा गजर लावला आहे. मीठ बेचाळीस ग्रॅम, वजन करून. कोळसा, ढलप्या, पाण्याची थाळी मागच्या दाराशी मांडून ठेवली. आईंची ट्रंक बांधून पुढच्या दाराशी ठेवली आहे. त्यांनी सगळे कपडे आजच भरले. मी म्हटलं, उद्याचे वर ठेवा. म्हणाल्या, “उद्या काय, आहेत तेच अंगावर.”

रविवार, २४ मार्च
क्रमाने लिहिते.
५.०० गजर वाजला. बंद केला. जागी होते.
७.४० उठले. माझ्याकडून असं होत नाही. आठवड्याचा थकवा असावा.
८.१० कोळसा पेटवला.
९.०५ मांस चढवलं. आई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, आणि खुर्ची आणून बसल्या. मी हिशोब केला: मागच्या वेळी सहा तास लागले, म्हणजे तीन वाजता होईल. हिशोब करताना वजनाचा भाग मी धरला नाही. आत्ता लिहिताना लक्षात येतं आहे.
१०.३० शेगडी ११६. मांस ३४.
११.४५ भाऊजी आले. जाऊबाईंनी आईंच्या खोलीत नवी चादर घातली आहे, खिडकीशी खुर्ची ठेवली आहे, असं त्यांनी सांगितलं. माणसं चांगली आहेत. भाऊजींनी ट्रंक लगेच गाडीत टाकली. मी त्यांच्यासाठी चहा करायला आत गेले. आई म्हणाल्या, “तू बस त्याच्याशी बोलत. इथे मी आहे.”
१२.२० शेगडी ९१. खालची झडप पूर्ण बंद आढळली. मी ती एक तृतीयांशावर ठेवली होती. वाऱ्याने सरकली असेल. वारा नव्हता, पण दुसरं कारण दिसत नाही. परत उघडली.
१.१५ शेगडी ११३. मांस ५२. आत काय चाललंय ते पाहायला झाकण उघडलं.
१.३० पुन्हा उघडलं. पाण्याची खात्री करायला.
१.५० पुन्हा. ढलप्या टाकायला.
२.३० बटाटे भाजून दिले, पाव दिला. भाऊजींच्या पोटात कावळे ओरडत होते. “वहिनी, डुक्कर अजून चालत येतंय का?” म्हणाले. आम्ही हसलो. त्यांनी यांच्यासारखंच डोकं मागे टाकून हसून दाखवलं. मला माहीत आहे ते दाखवत नव्हते, त्यांचं हसणंच तसं आहे.
२.४५ शेगडी ८८. झडप पुन्हा बंद. झडपेचा स्क्रू तपासला. घट्ट आहे. आईंना विचारलं, तुमचा पाय लागला का? “लागला असेल,” म्हणाल्या. त्यांची खुर्ची शेगडीपासून दीड मीटरवर होती. कोळसा वाढवला.
३.३० मांस ६८.
४.०० मांस ६९. अडलं.
४.२० मांस ६९. भाऊजी दारात येऊन घड्याळ बघून गेले. मी झाकण उघडून अंगठ्याने दाबून पाहिलं. दाबला जात नव्हता. आईंनी ते पाहिलं. दिवसभरात झाकण एकूण अकरा वेळा उघडलं गेलं. प्रत्येक वेळी काही ना काही तपासायचंच होतं. अकरा गुणिले पाव, पावणेतीन तास. हे मी नंतर मोजलं.
४.५० भाऊजी कोट घालून आले. “आई, चल. आता उजेड आहे तोवर निघू. वाटेत काहीतरी खाऊ.”
आई उठल्या नाहीत. “अठ्ठावीस वर्षांत शिजणारं सोडून मी कधी बाहेर पडले नाही. आज पडू?”
“अगं, वहिनी आहेत ना बघायला!”
“तिला एकटीला जमायचं नाही.”
भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणू शकले असते की जमेल. मी म्हणू शकले असते की तुम्ही निघा, झालं की डबा पाठवते. खरं तर तेच म्हणायला हवं होतं, सगळं ठरलेलं होतं. मी तापमापक पाहिला आणि म्हटलं, “आत एकाहत्तर आहे.”
“म्हणजे?”
“म्हणजे अजून तीन तास.”
भाऊजींनी डोक्याला हात लावला. मग म्हणाले, “बरं बाई. पुढच्या रविवारी येतो.” पाच वाजून सात मिनिटांनी गेले. गाडी वळल्यावर लक्षात आलं की ट्रंक गाडीतच गेली.
पाचनंतर झडप एकदाही सरकली नाही. मीही झाकण एकदाही उघडलं नाही. का, ते सांगता येत नाही. शेगडी एकशे पंधराला खिळून राहिली. आठ वाजता ब्याण्णव.
दोघींनी स्वयंपाकघरात बसून खाल्लं. वरची साल काळी, कुरकुरीत, आत धुराची गुलाबी कड. आईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “खारट आहे.”
मीठ वजन करून घातलं होतं. तसं त्यांना सांगितलं. “वजनात बरोबर असेल, तोंडात खारट आहे,” म्हणाल्या. मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं. झोपताना त्यांना माझा गाऊन दिला. बाह्या लांब झाल्या, दुमडून घेतल्या.

सोमवार, २५ मार्च
सहा वाजता घरी आले. कोपऱ्यावरूनच स्वयंपाकघरातला दिवा दिसला. मी चालता चालता थांबले. तिथे उभं राहून जे वाटलं ते लिहिते: पुढच्या सोमवारी हा दिवा नसेल, आणि मला त्याची भीती वाटते आहे. तीन तारखेपासून वाटते आहे. मी तिला नाव दिलं नव्हतं.
आत गेले तर आई माझ्याच गाऊनमध्ये, माझ्या स्वेटरमध्ये, उरलेल्या मांसात बटाटे घालून परतत होत्या. चमचा माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “हा कोण धुतो? तू? दिसतंय.” मी तो पुन्हा धुतला.

बुधवार, २७ मार्च
संध्याकाळी भाऊजींचा फोन. “रविवारी येतो वहिनी. या वेळी डुक्कर नको, सरळ अंडी करा.”
मी उभी होते. आई समोर मोजे रफू करत होत्या, ते माझेच होते, कारण त्यांचे ट्रंकेत गेले आहेत. मी म्हटलं, “भाऊजी, या. जेवायलाच या. येताना ट्रंक घेऊन या. आई येत नाहीत.”
मग त्यांनी विचारलं की काय झालं, मी म्हटलं काही झालं नाही. दिवसा एक बाई येऊन बसेल अशी सोय बघते, न्हाणीघरात धरायला दांडा लावते. ते म्हणाले, आईची इच्छा असेल तर माझं काही नाही. फोन ठेवला.
आईंनी सुई मोज्यात टोचून ठेवली.
“मला विचारलंस?”
“नाही.”
“त्या वेळीही नाही विचारलंस. दोघांनी फोनवर ठरवलंत, मला कळवलंत. आज तू एकटीने ठरवलंस, मला कळवतेयस. मी काय तुमच्याकडे तपासायला आलेली वस्तू आहे? या टेबलावरून त्या टेबलावर?”
रागावल्या होत्या. महिनाभरात अशा रागावल्या नव्हत्या. आणि म्हणत होत्या ते खरं होतं. मी म्हटलं, “चुकलं. आता विचारते. तुम्हाला कुठे राहायचंय?”
“आधी तू सांग. तुला मी कुठे हवी आहे?”
“भाऊजींचं घर मोठं आहे. जाऊबाई दिवसभर—”
“घराचं नाही विचारलं.”
मला घाम फुटला. आकडा सांगायचा असता तर सांगितला असता.
“इथे,” मी म्हटलं. “मला तुम्ही इथे हव्या आहात. मला एकटीला जमायचं नाही.”
त्यांनी मोजा उचलला, सुई शोधली, आणि खाली मान घालून म्हणाल्या, “मला वाटलं, तुलाच मी नकोय. म्हणून बरं म्हटलं.”